टेल्युरियम काकू

काकूंनी कधी “पन्नास पोळ्या झाल्या” असं म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या म्हणायच्या, “टिन झाल्या. आता बास.” आमच्यापैकी कुणाचा बाप-भाऊ भेटायला येणार असला की म्हणायच्या, “आज आयोडीनपर्यंत लाटाव्या लागतेल.” म्हणजे तीन जास्त. कुकरच्या बाबतीत तर त्यांचा हुकूमच होता. भात लिथियमला बंद करायचा, डाळ कार्बनला. भाताला तीन शिट्ट्या, डाळीला सहा, एवढाच त्याचा अर्थ. पण नवी पोरगी आली आणि काकूंनी आतून “कार्बन झालं का गं?” म्हणून विचारलं की ती बिचारी कुकरचं बूड वाकून बघायची, काळं झालंय का म्हणून. मीही बघितलं होतं. खोटं कशाला बोलू.

ह्या काकू म्हणजे लातुरातल्या माझ्या घरमालकीण. मी भोकरची. बारावीनंतर डॉक्टरकीसाठीची नीट परीक्षा दिली, मार्क पडले नाहीत, म्हणून रिपीटर होऊन लातूरला आले. लातुरात त्या दिवसांत निम्मं गाव क्लासला जाणारं आणि निम्मं गाव त्यांना रूम देणारं, असंच मला वाटायचं. तरी मला रूम मिळेना. तीन घरी आधी आडनाव विचारलं आणि मग “रूम कालच भरली” म्हणून सांगितलं. ते आडनाव विचारणं कशासाठी असतं हे आम्हाला घरूनच शिकवलेलं असतं. बाबांचा चेहरा उतरला होता आणि मी त्यांच्यावरच चिडचिड करत होते. चौथं घर काकूंचं. दारात एक बुटकी बाई उभी. कपाळाला भस्माचे पट्टे, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं, “वय किती तुझं?”

“अठरा.”

“आरगॉन,” त्या म्हणाल्या. “मग काही भ्या न्हाई. आरगॉन कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. आण सामान.” मग स्वतःकडे बोट दाखवून म्हणाल्या, “मी टेल्युरियम. बावन्न.”

बाबा माझ्याकडे बघायले, मी बाबांकडे. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, की बाई जरा येडी हाय, पण भाकर चांगली करते. आई म्हणाली, मग राहा.

आरगॉन असूनही त्या घरात सगळ्यात जास्त भांडणं मीच केली, ते सोडा.

काकूंना हे कुठून आलं, तर भिंतीतून. त्यांचा ओटा आणि आमची मोठी खोली यांच्यामध्ये एका विटेची भिंत. चौदा वर्षं त्या ओट्यापाशी उभ्या होत्या आणि चौदा वर्षं पलीकडे पोरी ओरडून पाठ करत होत्या. हायड्रोजन एक, हीलियम दोन, लिथियम तीन. दरवर्षी पोरी नव्या, ओरडणं तेच. काकूंचं आपोआप पाठ झालं. एकशे अठराच्या एकशे अठरा. मधूनच कुठलाही आकडा विचारा, नाव तयार. आम्ही कुणी चुकलो तर लाटणं भिंतीवर आपटायच्या. “चौतीसला ब्रोमीन न्हाई गं, सेलेनियम. ब्रोमीन पस्तीस.” क्रोमियम आणि कॉपर आले की भिंतीपलीकडून आधीच सूचना यायची, “आता नीट. ही दोघं वाकडी हायत.” म्हणजे त्यांची इलेक्ट्रॉनची मांडणी नेहमीच्या नियमात बसत नाही. दर वर्षी पोरी तिथंच अडखळतात, हे त्यांनी कानानं टिपलं होतं. वाकडी म्हणजे कशी, ते त्यांना माहीत नव्हतं.

काकूंचं माहेर उदगीरकडचं. शाळा नववीतनं सुटली, कारण लग्न ठरलं. “फॉस्फरसला उजवलं मला,” त्या सांगायच्या. पंधराव्या वर्षी. मालकांचं बाजारात सरकी-पेंडीचं दुकान. मालक चांगले होते, पण त्यांचं बोलणं म्हणजे “हं.” काकूंनी काही विचारलं की हं, सांगितलं की हं. मुलगा एकच, पुण्याला कंपनीत. काकू चिडल्या की कानडीत जायच्या आणि आम्हाला त्यातलं फक्त “यव्वा” कळायचं.

तर एका दुपारी असं झालं, की निलंग्याची एक पोरगी होती, टेस्टमध्ये कायम वरच्या नंबरात, ती टेस्टमध्ये मागं पडली म्हणून आधीच तापलेली. काकूंनी भिंतीवर लाटणं आपटून तिची चूक काढली. ही तशीच उठून ओट्यापाशी गेली आणि म्हणाली, “काकू, तुमचं म्हणजे पोपटासारखं आहे. नंबर म्हणताय, पण नंबर कशाचा ते माहीत आहे का? प्रोटॉन म्हणजे काय ते सांगा बरं.”

काकूंनी तव्यावरची पोळी उलटली. पण त्या दिवशी संध्याकाळी त्या म्हणाल्या, “पन्नास झाल्या.” दुसऱ्या दिवशीही पन्नासच. भाताला तीन शिट्ट्या आणि डाळीला सहा. आम्हाला जेवण जाईना. निलंग्याच्या पोरीनं दोनदा माफी मागितली. काकू म्हणाल्या, “तुझं काय चुकलं? खरंच बोललीस की.”

तिसऱ्या दिवशी दुपारी, दोन क्लासच्या मधल्या वेळेत, त्या माझ्या कॉटवर येऊन बसल्या. “ती निलंग्याची सांगणार न्हाई, तू सांग. प्रोटॉन म्हणजे काय गं?”

मी म्हटलं, “अणूच्या केंद्रकातला धनप्रभारित कण.”

“म्हणजे?”

“म्हणजे… धनप्रभारित.”

“धन म्हणजे काय, प्रभार म्हणजे काय? कुणी मोजले? सोन्याचे एकोणऐंशी म्हणता, मग अठ्ठ्याहत्तर असले तर काय, जरा कमी सोनं होतंय का?”

एक वर्ष अकरावी, एक वर्ष बारावी, आणि हे तिसरं वर्ष. मी हजारो प्रश्न सोडवले होते, चार पर्यायांतला एक गोल काळा केला होता. पण अठ्ठ्याहत्तर असले तर काय, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पोपट काकू नव्हत्या. पोपट मी होते, आणि माझ्या पिंजऱ्याची फी बाबा भरत होते.

मी पुस्तक काढलं. दोघी बसलो. वाचून वाचून शेवटी मला सांगता आलं, की सोन्याच्या प्रत्येक अणूच्या पोटात एकोणऐंशी प्रोटॉन असतातच. त्यातला एक जरी कमी असला तर ते कमी सोनं नसतं, ते सोनंच नसतं. प्लॅटिनम असतं. नंबर हा त्याला बाहेरून दिलेला नाही, तो आतच असतो.

काकूंनी हातातली पाटली वर-खाली केली. “ह्याच्यात सगळे एकोणऐंशीवाले?”

“थोडं तांबं घालतात, कडक व्हायला.”

“म्हणजे एकोणतीसवाले बी घुसलेत. सोनारानं कधी सांगितलं न्हाई बघ.” मग एकदम त्यांची ट्यूब पेटली. “थांब. कॉपर म्हणजे तांबं? आपलं? तांब्याचं तांबं?”

“हो.”

“आणि टिन?”

“कथील. कल्हई करतात ते.”

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि माहेरून आणलेलं पितळेचं पातेलं घेऊन आल्या. आतून कल्हईचं पांढरं. त्यात बघत किती तरी वेळ बसल्या. मग माझ्यावरच खेकसल्या, “चौदा वर्षं टिन टिन ओरडता. एकीला तरी सांगावं वाटलं न्हाई, की काकू, ते तुमच्या हातातच हाय?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. मी सॉरी म्हटलं, चौदा वर्षांच्या सगळ्या पोरींच्या वतीनं.

त्या आठवड्यात काकूंनी सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “दहावीच्या पुस्तकात दुसराच धडा हाय, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण. मला तो धडा कुणीतरी शिकवला पाहिजे आणि त्यावर मला मार्क पाहिजेत. पोपटाला मार्क देत न्हाईत.” मालक म्हणाले, हं. पण गावच्या शाळेतनं दाखला आणायला मालकच उदगीरला जाऊन आले, न सांगता.

शिकवणारी मी. दुपारी तीन ते चार. मराठी, इतिहास त्या आपल्या आपण करायच्या. भूमिती म्हणजे रोजचं रडगाणं. इंग्रजीची आम्ही दोघींनी आशाच सोडली होती. पण विज्ञानाला बसल्या की काकू वेगळ्याच बाई व्हायच्या. पुस्तकात त्या रशियातल्या दाढीवाल्या शास्त्रज्ञाचं चित्र आहे, ज्यानं तक्ता मांडताना मधे मधे जागा मोकळ्या सोडल्या आणि म्हणाला, इथं बसणारं मूलद्रव्य अजून सापडलेलं नाही, पण सापडेल, आणि ते असं असं असेल. आणि ती सापडली. काकूंना हा माणूस बेहद्द आवडला. “न आलेल्या पाहुण्याचं ताट वाढून ठेवलं की त्यानं,” त्या म्हणाल्या. “आणि पाहुणा आला बी.”

रांगोळीचं प्रकरण तेव्हाचंच. काकूंना वहीत चित्र काढायचा कंटाळा, पण रांगोळीचा हात असा की वर्तुळ काढलं तर कंपासनं काढल्यागत. त्यांनी रोज सकाळी दारात एकेक अणू काढायला सुरुवात केली. मधे प्रोटॉनचा आकडा, भोवती एकात एक वर्तुळं, त्यांवर इलेक्ट्रॉनचे ठिपके. सोडियमच्या दिवशी मधे अकरा, मग दोन ठिपके, मग आठ, आणि सगळ्यात बाहेर एकटा एक. शेजारच्या वहिनी झाडू घेऊन बघत उभ्या. “कुठलं व्रत हाय, काकू?” काकू घाईत होत्या. म्हणाल्या, “सोडियमचं.”

झालं. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या दारात तेच. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या दोन घरांत. कुणीतरी वर हळद-कुंकूही वाहिलं. मी हसून हसून बेजार. पण काकू बघायला गेल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. “वहिनी, बाहेर दोन ठिपके कसे?”

“एकच बरा दिसत न्हाई की, काकू. जोडीनं असावं म्हणून केले.”

“जोडीचं न्हाई हे. मधी अकरा आणि ठिपके बारा, असं चालत न्हाई. एक तर बाहेरचा ठिपका पुसा, न्हाई तर मधी बारा करा.”

“बारा केल्यावर काय होतंय?”

“मॅग्नेशियम.”

वहिनींनी विचार केला. “ते चांगलं असतंय का?”

“चांगलं असतंय,” काकू म्हणाल्या. “फटाक्यात पांढरं लख्ख जळतंय ते, तेच.” वहिनींनी मधला आकडा बदलला. त्या गल्लीत पंधरा दिवस दारोदार अणू होते, आणि काकू रोज सकाळी वही तपासल्यासारख्या सगळ्यांच्या दारातून फिरून यायच्या.

मला मात्र त्यांनी खरं अडवलं ते पुढं. कवचांची माहिती सांगत होते. पहिल्या कवचात दोन इलेक्ट्रॉन मावतात, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा. काकूंनी तक्त्यावर बोट ठेवलं. “तिसऱ्यात अठरा मावतात म्हणतीस. मग तिसऱ्या ओळीत आठच का? आरगॉनपाशी ओळ संपली आणि पोटॅशियम खाली गेलं. दहा जागा रिकाम्या ठेवून चौथं घर कशाला उघडलं?”

दहावीच्या पुस्तकात एवढं खोलात नाही, असं सांगून मी सुटू शकत होते. सांगितलंही. काकू म्हणाल्या, “पुस्तकात न्हाई, पण तुला तर माहीत असंल.” मग मी दोन दिवस माझीच अकरावीची पुस्तकं घेऊन बसले. तिसऱ्या कवचाच्या आत कप्पे असतात, त्यातला शेवटचा कप्पा भरायला जास्त ऊर्जा लागते. त्यापेक्षा चौथ्या कवचाचा पहिला कप्पा सोपा पडतो, म्हणून इलेक्ट्रॉन आधी तिकडं जातात आणि मग मागं राहिलेल्या दहा जागा भरतात. हे मी ओरडून पाठ केलं होतं. चार एस, म्हणजे चौथ्याचा पहिला कप्पा, आधी; तीन डी, म्हणजे तिसऱ्याचा शेवटचा, नंतर. समजलं त्या दिवशी. मी काकूंना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, “मग बरोबर हाय. आतल्या खोलीत खाली जागा भरली आणि फक्त माळा राहिला, तर माणूस माळ्यावर चढंल का बाहेरच्या ओसरीत बसंल? ओसरीतच बसंल. मग ओसरी भरल्यावर चढवायचे पोरं माळ्यावर.” आणि जरा थांबून, “ती क्रोमियम-कॉपर वाकडी म्हणतो आपण, ती माळ्यावरचीच भानगड असंल.”

तीच होती. आज मी नांदेडला मुलांना रसायन शिकवते. हा धडा आला की मी फळ्यावर खोली काढते, तिला माळा काढते, ओसरी काढते. इतक्या वर्षांत याहून सोपं मला सुचलेलं नाही.

फेब्रुवारीत मुलाचा फोन आला आणि घरातलं वारं फिरलं. त्याचं लग्न जमवायचं चाललं होतं. उदगीरचीच मुलगी, त्यानं बघितलेली, पसंत पडलेली. आता मुलीकडचे घर बघायला येणार होते. तेव्हा कळलं की मुलानं बायोडेटात लिहिलंय, आई: दहावी उत्तीर्ण, गृहिणी. त्याला वाटलं, एवढ्यातेवढ्याला कोण विचारतंय. आणि पाहुण्यांचा दिवस ठरला तो नेमका काकूंच्या विज्ञानाच्या पहिल्या भागाच्या पेपरचा. मुलाला माहीत होतं. “आई, एक पेपर नाही दिला तर काय बिघडतं? पुढच्या वेळी दे. त्यांना कळलं की तू आता दहावीला बसलीस, तर ते म्हणतील, खोटं लिहिणारं घर आहे. माझं लग्न मोडेल.” फोन स्पीकरवर होता, मी भाजी निवडत होते.

काकू म्हणाल्या, “दुसरा दिवस न्हाई का जमत?”

“त्यांना तोच जमतो. पाया पडतो, आई.”

काकूंनी फोन ठेवला. त्यानंतर दोन आठवडे त्या अभ्यास करत होत्या आणि रडत होत्या, दोन्ही एकाच वेळी. एकुलता एक मुलगा. त्यानं कधी उलट शब्द काढला नव्हता. मी फणकारले, की बायोडेटा त्यानं लिहिला, निस्तरायचं तुम्ही का? काकू म्हणाल्या, “तू गप. आई झाल्यावर बोल.” मालकांना विचारलं, तर मालक पहिल्यांदा हं म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. आम्हाला कुणालाच कळेना काकू काय करणार. मला वाटतं, त्यांनाही ते शेवटच्या सकाळपर्यंत कळलं नव्हतं.

त्या दिवशी काकू पहाटे उठल्या. पुरण, भजी, आमटी, सगळा स्वयंपाक आठच्या आत झाकून ठेवला. मुलगा रात्रीच पुण्याहून आला होता, पाहुणे साडेनऊला आले. मुलगी, तिचे आई-वडील. आम्हा पोरींना आतल्या खोलीत बसवलं होतं, पण दार अर्धं उघडं होतं. चहा झाला, पोहे झाले. मालक आणि मुलीचे वडील पेंडीच्या भावावर बोलत होते. दहाला काकू आत आल्या, साडी बदलली, पॅड, कंपास, हॉल तिकीट घेतलं आणि बाहेर बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या.

“मला अकराला पेपर हाय,” त्या म्हणाल्या. “स्वयंपाक करून ठेवलाय. ही पोरं वाढतेल. तुम्ही सावकाश जेवा. मी दीडपर्यंत येते.”

मुलाचा चेहरा पांढराफटक. मुलीच्या वडलांनी विचारलं, “कसला पेपर?”

“दहावीचा. विज्ञान, भाग एक.”

“पण बायोडेटात तर दहावी पास…”

“ते लेकानं लिहिलंय,” काकू म्हणाल्या. “घाई केली त्यानं. मी नववीतनं उठलेली. त्यानं लिहिलंय ते खरं करायला चाललेय.”

मला वाटलं, संपलं. मग मुलीच्या आईनं कपबशी खाली ठेवली. नवऱ्याकडं बघून म्हणाली, “बसलाव काय? साडेदहाला आत जावं लागतंय त्यांना. गाडी दारात हाय की. सोडा.”

मुलीचे वडील उठले. मीही चप्पल घालून मागं बसले, केंद्र मला माहीत होतं म्हणून. गाडीत काकू खिडकीतून बाहेर बघत ओठ हलवत होत्या. शाळेच्या फाटकाशी सगळी पंधरा-सोळा वर्षांची पोरं, त्यांत ह्या. उतरताना मुलीच्या वडलांनी विचारलं, “अभ्यास झालाय का?”

“विज्ञानाचा झालाय,” काकू म्हणाल्या. “भूमितीचं शिवालाच माहीत.”

पाहुणे जेवून गेले. जाताना “कळवतो” एवढंच म्हणाले. मुलगा संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला, आईशी न बोलता. काकूंनी दुसऱ्या भागाचा पेपरही दिला आणि उरलेलेही, पण घरात आठ दिवस सुतक असल्यासारखं. मग उदगीरहून फोन आला. लग्न पक्कं. मुलीची एकच अट, की तिला लग्नानंतर बी.एड. करायचंय. तिची आई काकूंना म्हणाली, “सासूच शिकायलीय म्हटल्यावर माझ्या पोरीला कोण अडवतंय? मी तर सातवीतनंच उठले, ताई.” त्या दोघी मग फोनवर तासभर कानडीत बोलल्या. मुलाचाही फोन आला. म्हणाला, “आई, पास हो पण आता. बायोडेटा त्यांच्या घरात फ्रेम केल्यागत ठेवलाय.”

जूनमध्ये दोन्ही निकाल लागले. नीटमध्ये माझे मार्क वाढले, पण डॉक्टर व्हायला पुरले नाहीत. मी उशीत तोंड खुपसून पडले. काकू येऊन पाठीवर हात ठेवून बसल्या. समजूत वगैरे काढली नाही. म्हणाल्या, “तू मला शिकवायचीस ना, तेव्हा तुझं तोंड कसं व्हायचं माहीत हाय का? खुललेलं. क्लासहून येताना तसं कधी दिसलं न्हाई मला.” बी.एस्सी. करायचं हे माझं त्या कॉटवरच ठरलं आणि त्याचं मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही.

काकूंचा निकाल निलंग्याच्या पोरीनं मोबाईलवर काढला. मराठी चांगलं. इंग्रजी सदतीस. गणित काठावर, पस्तीस. विज्ञान अठ्ठ्याहत्तर. उत्तीर्ण. ती पोरगी ते वाचता वाचता रडायला लागली आणि काकूंनाच तिला पाणी द्यावं लागलं. मालक दुकानातून पेढे घेऊन आले. म्हणाले, “अभिनंदन.” हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकला, आणि बहुतेक काकूंनीही.

मी भोकरला परत जायच्या आधी काकू म्हणाल्या, “एक दिवस थांब, माझ्यासोबत कॉलेजला चल.” अकरावीचा प्रवेश घ्यायचा होता. आम्ही दोघी आणि मालक गेलो. खिडकीपाशी रांग होती, पुढं-मागं सगळी पोरं आपापल्या आयांना घेऊन. खिडकीतल्या क्लार्कनं काकूंचं गुणपत्रक हातात घेतलं, माझ्याकडं बघितलं, परत गुणपत्रकावरचं नाव बघितलं. “प्रवेश कुणाला घ्यायचाय?”

“मला,” काकू म्हणाल्या.

तो वाईट नव्हता. हसला नाही. उठून प्राचार्यांकडं गेला, विचारून आला, आणि फॉर्म काढून कला शाखेपुढं खूण केली. “काही हरकत नाही म्हणाले सर. मावशी, कला घ्या तुम्ही, बाहेरूनच. रोज यायचं नाही, तास नाहीत, प्रॅक्टिकल नाही. निवांत घरी बसून होतंय सगळं.”

काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फॉर्म स्वतःकडं ओढून घेतला.

“घरीच बसले होते, बाळा. अडतीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “सगळं ऐकूनच कळलंय मला. आता प्रयोग करायचेत. विज्ञान लिही.”

क्लार्कनं मालकांकडं बघितलं. मालक म्हणाले, “लिहा की. ती सांगायलीय तसं लिहा.”

त्यानं खूण खोडली, खाली विज्ञानापुढं केली आणि मान खाली घालूनच विचारलं, “प्रॅक्टिकलची बॅच सकाळची देऊ का दुपारची?”

“सकाळची दे,” काकू म्हणाल्या. “दुपारी पोरी जेवायला येतेत.”